सोमवारचा भोंगा पूर्वीच्याच आवाजात वाजविण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
स्थानिक रासायनिक आपत्ती समिती,
बडोदे.

विषय : शीतगृहाच्या भोंग्याचा आवाज पूर्ववत करणे व वायुगळतीच्या अहवालातील एक वाक्य दुरुस्त करणे.

संदर्भ : याच अर्जदाराचा मार्चमधील अर्ज, जो दुर्दैवाने मंजूर झाला.

महोदय,

१. अर्जदार जगदेवराव शिर्के हा रेल्वेतून निवृत्त असून गोरव्यात सोसायटीच्या पहिल्या मजल्यावर एकटा राहतो. मागचा अर्ज गुजरातीत होता. हा मराठीत आहे, कारण अर्जदारास लाज वाटते ती मराठीतच. भाषांतर सोबत जोडले आहे.

२. सोसायटीच्या भिंतीपलीकडे शीतगृह असून तेथे अमोनिया वायू वापरतात. वायू सुटल्यास रहिवाशांना कळावे म्हणून बसविलेला भोंगा दर सोमवारी दुपारी दोन वाजता चाचणीसाठी वाजत असे. अर्जदाराची वामकुक्षी नेमकी त्याच वेळी रंगात आलेली असे. झोपमोडीची तक्रार केली तर लोक हसतील, म्हणून अर्जदाराने होळीच्या सुमारास आपणांस लिहिले की, वरच्या मजल्यावरील श्रीमती लीला फणसे यांचे हृदय नाजूक असून भोंग्याने त्यांना धडकी भरते. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवली, एवढेच.

लीलाताईंचे हृदय ठणठणीत आहे. गेले आहेत ते कान. दाराची घंटा, फोन, कुकरची शिट्टी, काहीही ऐकू येत नाही. सबंध आठवड्यात एकच आवाज त्यांच्यापर्यंत पोचत असे आणि तो या भोंग्याचा. तो वाजला की त्या गॅलरीत येऊन खाली ओरडत, "भाऊ, वाजला हो!" अर्जदाराची उरलीसुरली झोप त्यामुळे जात असे. हे सर्व ठाऊक असूनही अर्ज लिहिला. साध्या मराठीत यास शेण खाणे म्हणतात.

३. गटार, रस्त्यावरचा दिवा, पेन्शनमधील चूक यांबाबत अर्जदाराने जन्मभर अर्ज केले. एकही मंजूर झाला नाही. हा मात्र आठवड्याभरात झाला आणि भोंगा स्कूटरच्या हॉर्नएवढा उरला. त्या आनंदात अर्जदाराने मांडवीच्या बाजारातून जिलेबी आणली व लीलाताईंनाही नेऊन दिली. त्यांनी खूण करून विचारले, कशाबद्दल? अर्जदार नुसता हसला.

४. गेल्या महिन्यात शीतगृहातील नळी फुटून अमोनिया खरोखरच सुटला. भोंगा वाजला, तो मंजूर आवाजात. अर्जदार नाकाला ओला नॅपकिन लावून धावला व आपल्या समितीच्या योजनेत ठरविलेल्या मैदानात सर्वांत आधी पोचला. तेथे सोसायटीचे सेक्रेटरी केयूरभाई यांनी विचारले, "लीलाकाकी क्यां छे?" लीलाताई कुठे आहेत, हे अर्जदारास माहीत होते. त्याने नॅपकिन पुन्हा नाकाला लावला.

केयूरभाई तोंडाला ओला टॉवेल बांधून परत गेले आणि लीलाताईंना उचलून घेऊन आले. खिडक्या सताड उघड्या, डोळ्यांना धारा, आणि त्या मेथी निवडत बसल्या होत्या. कोणीतरी जिन्यात फिनेल जास्त ओतले असावे, असा त्यांचा समज. तेव्हापासून फुप्फुसांच्या उपचारासाठी त्या इस्पितळात आहेत.

५. आपल्याकडे दाखल झालेल्या अहवालात वाक्य आहे : "सदर महिला सूचना मिळूनही घराबाहेर आल्या नाहीत." हे वाक्य खोटे आहे. सूचना त्यांना मिळालीच नाही, आणि ती मिळू नये याची तजवीज अर्जदाराने केली होती. तेथे लीलाताईंचा हट्टीपणा काढून अर्जदाराचे नाव घालावे.

६. इस्पितळात त्यांनी अर्जदारास जवळ बोलावून सांगितले, "भाऊ, माझा भोंगासुद्धा गेला हो. होळीपासून तोही ऐकू येत नाही. आता काहीच उरलं नाही. मोहनाला कळवू नका, पोर उगाच काळजी करेल." मोहना ही त्यांची मुलगी. अर्जदाराने सोललेली मोसंबी पुढे केली. दुसरे काही पुढे करण्याचे धैर्य झाले नाही. तेव्हापासून दुपारी शांतता असते आणि झोप येत नाही.

७. आवाज वाढविण्यासाठी मूळ तक्रारदाराची हरकत नसल्याचा दाखला लागतो, असे आपल्या खिडकीवर सांगण्यात आले. मूळ तक्रारदार अर्जदारच असल्याने त्याने स्वतःस दाखला दिला आहे. त्यावर साक्षीदार लागत असल्यास केयूरभाई सही करतील. त्यांना सर्व सांगितले आहे. ऐकून त्यांनी फक्त सही कुठे करायची ते विचारले. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

८. लीलाताई या रविवारी घरी येत आहेत. तरी सोमवारी दुपारी दोन वाजता भोंगा पूर्वीच्याच आवाजात वाजवावा, ही हात जोडून विनंती. त्या वेळी अर्जदार त्यांच्या गॅलरीत उभा राहील. भोंगा ऐकू आला तर त्या नक्की विचारतील, की इतके दिवस हा होता कुठे? ते उत्तर कार्यालयाने कळवू नये. ते अर्जदारास स्वतः द्यायचे आहे.

मान वर करून सही करू न शकलेला,
आपला नम्र,
जगदेवराव शिर्के

गोरवा, बडोदे
दि. २० जून २०२५

सोबत :
१. या अर्जाचे गुजराती भाषांतर.
२. अर्जदाराने अर्जदारास दिलेला दाखला.
३. श्रीमती लीला फणसे यांची संमती : जोडलेली नाही. मागच्या अर्जालाही नव्हती. तेव्हा कोणी मागितली नाही.