झोप आणि गुंगी

बाई, ती मुलगी बरी आहे. माझ्या खांद्याच्या वर गेलीय, दोन वेण्या घालते, आणि बोलायला लागली की समोरच्याला मध्ये शिरायला जागा ठेवत नाही. मागच्या गुरुवारी आईबरोबर शाळा बघायला आली होती. मी तिला एका पायावर उभं केलं, डोळे मिटून नाकाच्या शेंड्याला बोट लावायला सांगितलं, शंभरापासून उलटे आकडे म्हणून घेतले. तिची आई हसायला लागली. हसू दे. सगळं जिथल्या तिथे आहे. हे आधी सांगते, कारण लांबण लावलेलं तुम्हाला चालायचं नाही आणि मला तर मुळीच नाही. पण आता जे सांगणार आहे ते आठ वर्षं तुंबलेलं आहे, तेव्हा थोडं लांबेल. तुम्हाला आता घाई कुठली?

मी चौथी शिकलेली. नवऱ्याला तमिळ मुलखात आवडी नावाच्या गावी कारखान्यात नोकरी लागली म्हणून सांगलीकडचं गाव सोडून इथे आले. क्वार्टर्समध्ये डावीकडे बंगाली, उजवीकडे तेलुगू, वरच्या मजल्यावर कोण राहतं ते अजून मला कळलेलं नाही. तुमच्या बालवाडीत आया पाहिजे म्हणून विचारायला आले, तर तुम्ही मराठी बोललात. मला वाटलं, पोथीच बोलायला लागली. तंजावरची मराठी मी तोवर ऐकलेलीच नव्हती. "अगे, तूं कोठची? काय निमित्त आलीस?" आणि लगेच तमिळमध्ये "उक्कारु, उक्कारु." म्हणजे बस, हे मला काय ठाऊक? मी उभीच राहिले, आणि तुम्हाला वाटलं बाई मोठी नम्र आहे. तो समज आठवडाभर टिकला. आठव्या दिवशी मी तुम्हाला म्हणाले, मुलांचे पंचे रोज दोनदा धुवायला मला चार हात नाहीत. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत आणि म्हणालात, "तोंडें मात्र दोन आहेत तुला."

आणि मग ते फाटकावरचं वाक्य. साडेबाराला शाळा सुटते, फाटकाशी आया रांगेनं उभ्या राहायच्या ना, त्या दुसऱ्या आया, म्हणजे मुलांच्या आया, आणि मी एकेक मूल हातात देताना त्या दिवशीचं एक वाक्य सांगायचं. इंग्रजीत. कारण चाळीस मुलं, नऊ भाषा. ही तुमचीच पद्धत, दुसऱ्या कुठल्या शाळेत मी बघितली नाही. मी म्हटलं, मला इंग्रजी येत नाही. तुम्ही म्हणालात, "येईल. आई तुझें वाक्य घेऊन घरीं जाते. नीट दे." तेव्हापासून शाळा सुटल्यावर पायरीवर बसून मी पंच्यांच्या घड्या घालायची आणि तुम्ही कॉफीचा टंबलर धरून मला शब्द द्यायच्या. जोडीजोडीनं. हर्ट वेगळं, इंज्युअर्ड वेगळं. क्राय वेगळं, शाउट वेगळं. बाटली फळीवर राहिली तर लेफ्ट म्हण, लॉस्ट म्हणू नको, लॉस्ट म्हटलंस की आई बाजारातून नवी आणते. मूल नॉटी असतें, बॅड म्हणालीस तर घरीं जाऊन मार खातें. मी वैतागायची. एकदा म्हटलं, साहेबाला शब्द जास्त झाले होते काय, एकाच कामाला दोन दोन कशाला ठेवले? तुम्ही विचारलंत, "तुझ्या घरीं पळी आहे, डाव आहे, झारा आहे?" मी म्हटलं आहे. "मग उद्यां पळीनें पुऱ्या तळ." मी पुढचा पंचा घडीला घेतला.

स्लीपी आणि ड्राउझी ही जोडी तुम्ही मला पावसाळ्याआधी दिली होती. मराठीतूनच सांगितलंत, झोप आलेली वेगळी आणि गुंगी आलेली वेगळी. झोपेतल्याला हाक मारली की तो चिडतो, गुंगीतला चिडतसुद्धा नाही. मला हे दोनदा सांगावं लागलं नाही. माझा चुलता बैलगाडीवरून डोक्यावर पडला होता, घरी चालत आला, भाकरी खाल्ली, आणि संध्याकाळी ओसरीवर असाच बसल्या बसल्या मिटत गेला. झोपलाय म्हणून कुणी उठवलं नाही. सकाळी उठवायला काही उरलं नव्हतं. हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही, आज सांगतेय. म्हणजे काय, तर मला फरक माहीत होता. पुस्तकातल्यापेक्षा जास्त माहीत होता.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत ती मुलगी, तेव्हा जेमतेम चार वर्षांची, घसरगुंडीच्या वरच्या पायरीवरून मागच्या मागे पडली. मी तिथे नव्हते. घसरगुंडी सोडायची नाही हा तुमचा पहिला नियम, आणि मोडला तर दुसऱ्या दिवशी यायचं नाही हा दुसरा. आवाज आला तशी धावले. रक्त नाही, काही नाही, मागच्या बाजूला टेंगूळ. रडली, मी खोबरेल तेल लावून चोळलं, थांबली. कुणा मोठ्या माणसानं बघितलं नव्हतं. डब्यातला दहीभात दोन घास खाल्ला आणि ओकली. पंचा धुऊन मी वाळत घातला. मग ती माझ्या मांडीवर येऊन टेकली आणि तिचे डोळे अर्धे उघडे, अर्धे मिटलेले. मी नावानं हाक मारली. चिडली नाही. बाई, मी तेव्हाच ओळखलं. ओळखलं आणि स्वतःला म्हटलं, छे, ऊन आहे, दमलीय पोर.

साडेबाराला तिची आई आली. केरळची, लहानखुरी, लग्नाला फार तर पाच वर्षं झालेली. पोरीची मान तिच्या खांद्यावर पडली तसं तिनं इंग्रजीत विचारलं, ही अशी का करतेय? माझ्यापाशी दोन्ही शब्द होते. ड्राउझी बाहेर काढला असता तर मागून घसरगुंडी आली असती, मग मी कुठे होते ते आलं असतं, मग नोकरी गेली असती. मी म्हटलं, "स्लीपी, मॅडम. प्लेइंग टू मच." ती हसली, ऑटोत बसली, गेली.

पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुम्ही पायरीवर आलात, दोरीवर ओला पंचा बघितलात. "हा कोणाचा?" मी सांगितलं, जरा ओकली होती. "ओकली आणि घरीं कशी गेली?" म्हटलं, झोपेला आली होती. तुम्ही टंबलर खाली ठेवलात. "झोंप कीं गुंगी?" मी म्हटलं, झोपच वाटली मला. तुम्ही तशाच, पदर न आवरता, भर उन्हात रस्त्यावर गेलात आणि येणारा ऑटो हात आडवा करून थांबवलात. तुम्हाला ऑटोत बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं, तुम्हाला त्याचा धूर सोसायचा नाही. पोरीला घरी गाढ झोप म्हणून पंख्याखाली निजवलं होतं. तुम्ही तिला उचलून घेतलंत आणि आईला तसंच चपलांशिवाय बाहेर काढलंत. रात्री डोक्याचं ऑपरेशन झालं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

स्लीपी म्हणून मी पोर घरी पाठवली हे कळून शाळेत पालक जमले. एक जण तर म्हणाला, असल्या अडाणी बाईला ठेवताच कशाला? तुम्ही उभ्या राहिलात आणि तुमच्या त्या सावकाश इंग्रजीत म्हणालात, हिला शब्द मी शिकवले, हिचा शब्द चुकला असेल तर मास्तरीण मी आहे, मला विचारा. सगळे बसले. मी कोपऱ्यात उभी. मला काय वाटलं सांगू? सुटले, असं वाटलं. अडाणीपणाचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला.

तिसऱ्या दिवशी पायरीवर तुम्ही मला विचारलंत, "सांग पाहूं, तुला कोणता शब्द म्हणायचा होता?" मी पंच्याची घडी घालत म्हटलं, "मला दोन्ही सारखेच, बाई." तुम्ही टंबलरमधली उरलेली कॉफी संपवलीत. मग "सेरी" म्हणालात. ठीक आहे, एवढंच. पुढच्या जोड्या चालू राहिल्या, पण त्या जोडीवर तुम्ही पुन्हा कधी आला नाहीत. पोरीचे वडील बदलून गेले, दवाखान्यातून ती मंडळी परस्परच निघाली, पोर पुढे चालली-बोलली की नाही ते मला कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचं मला धैर्य नव्हतं. दहा महिन्यांनी तुम्ही भावाकडे तंजावरला गेलात त्या गेलातच, तिथेच डोळे मिटलेत. शाळा तुमची भाची चालवते. मी अजून फाटकाशी उभी असते. आता मी आयांना सगळंच सांगते. अडखळली, पडली, पडता पडता राहिली, तिन्ही वेगवेगळं. आया कावतात. भाची म्हणते, अक्का, एवढं घाबरवू नका लोकांना. मी म्हणते, घाबरू देत.

तर गुरुवारी. पोर बाहेर झोपाळ्याकडे गेली आणि मी तिच्या आईला बसवलं. आता मला इंग्रजी येतं, तमिळ येतं, दोन्ही मिसळून मी तिला सांगितलं की त्या दिवशी ती पडली होती, मी लपवलं. ती म्हणाली, जाऊ द्या, चूक झाली तुमची. मी म्हटलं, "नो मिस्टेक, मॅडम. लाय." हे दोन शब्दही सारखे वाटतात लोकांना. तिनं पर्स उचलून मांडीवर घेतली. मला वाटलं, आता उठून जाईल. ती म्हणाली, "पडले असं हिनं मला ऑटोतच सांगितलं होतं. मल्याळममध्ये. तरी मी घरी जाऊन निजवलं. तुम्ही स्लीपी म्हणालात ना, मला तोच शब्द हवा होता." आणि डोळे पुसले. आठ वर्षं तीही तेच ओढत होती. मग म्हणाली, "तुमच्या मॅडम दारात आल्या तेव्हा मी त्यांना लगेच सांगितलं की ही पडलीय. दवाखान्यात हिच्या वडिलांनी तक्रार लिहायला घेतली होती. मॅडम म्हणाल्या, दोन दिवस थांबा. ती आपणहून मला सांगेल."

बाई, खरं सांगते, मला पहिला राग आला. माहीत होतं तर सरळ विचारायचं! असं मनातल्या मनात ठेवायचं आणि कॉफी पीत बसायचं, ही कुठली रीत? बसमध्ये बसेपर्यंत मी तुमच्याशी भांडत होते. मग पुलाजवळ कुठेतरी लक्षात आलं की विचारलं होतंत. तिसऱ्या दिवशी, पायरीवर. आणि मी सारखेच म्हटल्यावरही तुम्ही मला ठेवलंत, पुढचा शब्द दिलात. मग मला हसू आलं, बाजूची बाई सरकून बसली. इतकं हलकं मला या गावात आल्यापासून वाटलं नव्हतं. पोर बरी आहे. तुम्ही फसला नव्हतात. मी एकटीच तुम्हाला फसवलं असं धरून बसले होते, ते सुटलं.

हा कागद कुठे पाठवायचा नाही. तुमच्या भाचीला दाखवणार नाही, तिला मराठी वाचता येत नाही आणि मी वाचून दाखवणार नाही. पण तिच्या आईला न सांगितलेलं एक राहिलंय, ते फक्त तुमच्यासाठी. मी कुठे होते ते. फाटकाबाहेर भाजीवाला आला होता आणि मी शेवग्याच्या शेंगा निवडत होते, त्याच्याशी हुज्जत घालत, एकेक वाकवून बघत. ती पडली तेव्हा जुडी माझ्या हातात होती. ती मी टाकून दिली नाही, घरी नेली. तुम्ही तिला घेऊन दवाखान्यात बसला होतात तेव्हा मी आमटी करत होते. चांगली झाली होती, बाई. दोनदा वाढून घेतली.