याकोबमामांचा करडा सूट

प्रिय गाव्रिलादादास, सोफ्रोनीचा आदरपूर्वक नमस्कार. देवाच्या कृपेने इकडे सगळे धड आहेत (गाय सोडून, तिच्या खुराबद्दल पुढे कधी लिहीन). तुझी पाठ कशी आहे? वहिनींचा खोकला थांबला का? पारास्किवामामी तुम्हा दोघांची रोज आठवण काढतात. सध्या तुझी जरा जास्तच.

येत्या रविवारी आपल्या याकोबमामांना जाऊन वर्ष होईल. उन्हाळ्यात गेले म्हणून पुरताना त्यांच्या अंगात नुसता सुती सदरा होता. चाळिसाव्या दिवशी त्यांचा करडा लोकरीचा सूट त्यांच्याच बांध्याच्या माणसाला दान द्यायला हवा होता, म्हणजे तिकडे, परलोकात, तो त्यांना मिळाला असता. असा माणूस गावात एकच, तोआदेर. पण मामी म्हणाल्या, "त्या बेवड्याला? तो त्यात डुकरांशेजारी लोळेल!" त्याला एक घोंगडी देऊन वाटेला लावले आणि सूट पेटीत गेला. तेव्हापासून मामा स्वप्नात येऊन म्हणतात, "पारास्किवा, इकडे वारा फार आहे गं."

सुटाला कसर लागू न देण्याचे काम माझ्याकडे आले. मी काम अर्धवट करत नाही, हे तू जाणतोस. अक्रोडाची पाने घातली, वाळवलेला कडू दवणा घातला, पेटीच्या फटींत कागद कोंबला, ऊन पडले की सूट कुंपणावर टाकून ब्रशने झाडला. फक्त धुवायचा नाही, अशी मामींची ताकीद होती. "धुतलास तर त्याचा वास जाईल. मग मला काय राहिलं रे?" (मी शिकलो त्या चार इयत्तांत तरी याचे उत्तर शिकवत नाहीत.)

पण दादा, कसरीच्या अळीला घामाचीच चटक असते. आधी कॉलर गेली, मग काखा, मग पत्ते खेळताना मामा टेबलावर टेकवत ते कोपर, मग जेवून हात पुसत ती छातीवरची जागा. न वापरलेल्या खिशाला मात्र तिने तोंडसुद्धा लावले नाही. तेव्हा माझ्या लक्षात आले की ती कापड खातच नाही. ती मामांना खाते आहे. कुंपणावर टाकलेल्या सुटाच्या भोकांतून ऊन पलीकडच्या भिंतीवर पडले, तर भिंतीवर मामा उभे. जरा पोक काढून, नेहमीसारखे.

शेजारच्या इलिंकाकाकूंना कमी दिसते. त्या थांबून म्हणाल्या, "काय रे याकोब, बरा झालास?" मग उत्तर ऐकल्यासारखे "हो का, हो का" करून पुढे निघाल्या. मी धावत जाऊन विचारले, काय म्हणाले? "म्हणाला, वाऱ्याने हैराण झालोय." (मामींचे स्वप्न घराबाहेर कोणालाही माहीत नव्हते. मी खात्री करून घेतली आहे.)

पाद्रीबाबा म्हणाले, "वर्षश्राद्धाच्या आत देऊन टाका. नाहीतर तिकडे काय चाळणी पोहोचवणार आहात?" म्हणून मी तोआदेरला बोलावले. त्याने एका बाहीत हात घातला आणि तसाच बाहेर काढला. "आत आधीच कुणीतरी आहे बाबा," म्हणाला आणि गेला. टेबलावरची प्लमची दारू तशीच ठेवून गेला. दादा, तोआदेर!

त्या दुपारी मामी सूट मांडीवर घेऊन बराच वेळ बसल्या. मग म्हणाल्या, "मी वास धरून बसले आणि तो तिकडे कुडकुडतोय." अस्तराचा एक तुकडा कापून त्यांनी उशीखाली ठेवला. सूट स्वतः धुतला आणि भोकन् भोक रफू केले. मी मदतीला गेलो तर म्हणाल्या, "तू दवणा चाळत बस."

असो. प्रकृतीला जप. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सोफ्रोनी

ता. क. हे पत्र केवळ तुमची खुशाली विचारण्यासाठी आहे. बसवाल्याने सोबत दिलेल्या गाठोड्यात सूट आहे. खांदे तुझ्या मापाचे आहेत. रविवारी तोच घालून चर्चमध्ये ये.

ता. क. २. दान घेताना "देव त्यांना पोहोचवो" असे घेणाऱ्याने तोंडाने म्हणावे लागते. तू पत्र मोठ्याने वाचतोस, असे वहिनींनी मागे कळवले होते. तेव्हा ते झालेच. आता परत पाठवू नकोस.

ता. क. ३. घालताना घाई नको. मामा डावखुरे होते. डाव्या बाहीत आधी त्यांना हात घालू दे.