मिरच्यांची साक्ष

आई, तू जिवंत असतीस तरी हे वाचलं नसतंस, निम्म्यातच उठून गेली असतीस. तरी लिहिते. इतक्या वर्षांनी तुझ्यावरचा राग माझ्या कामाला आला, आणि तो तुला दाखवल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

गव्हाणच्या घरातली ती सकाळ तू विसरली असशील. मी चौथीत होते. शाळेची वेळ झाली की माझं पोट पिळवटायचं, हातपाय गार पडायचे, कधी दारातच उलटी व्हायची. रविवारी मात्र मी ठणठणीत. तू मला पाटावर बसवतेस, मीठ-मोहरी-मिरच्या मुठीत घेऊन माझ्यावरून उतरवतेस आणि चुलीत टाकतेस. मिरच्या जळूनही ठसका लागला नाही तर नजर खरी, आणि सगळे खोकत सुटले तर पोराला काही झालेलंच नाही, हा तुझा कायदा. तो मला पाठ होता, म्हणून दोन्ही हातांनी तोंड दाबून मी श्वास धरून बसले होते. पण आधी शेजारची काकू खोकली, मग तू, शेवटी मीही. "बगा, कसला ठसका! नजर नाय, काय नाय. सोंग हाय नुसतं," असं म्हणून तू मला दंडाला धरून शाळेपर्यंत फरफटत नेलंस. तेव्हापासून अख्ख्या आळीत मी सोंगाडी. माझ्या लग्नातही तू तो किस्सा हसून सांगितलास. ते हसणं मी तुला माफ केलं नाही, आजही करत नाही.

आता ऐक. तू न पाहिलेली तुझी नात नऊ वर्षांची आहे. तिचंही पोट शाळेच्याच वेळेला दुखू लागलं. "तू ऑफिसातून येशील ना? नक्की ना?" हे ती रोज दहादा विचारायची. लहान मुलांच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही निघालं नाही. पण त्यांनी तिला सोंगाडी ठरवलं नाही, इथल्याच, पनवेलमधल्या, मुलांवर मानसोपचार करणाऱ्या बाईंकडे पाठवलं. त्या तिला म्हणाल्या, "तुझं पोट खरंच दुखतं. काळजीनं दुखतं. हा आजार आहे आणि यातून बरं होता येतं." ही दोन वाक्यं मला चौथीत हवी होती. घरात आणखी कुणाला असं होतं का, असं त्यांनी विचारल्यावर मी तुझं सगळं सांगितलं, मिरच्या, फरफट, हसणं, अगदी चवीनं. त्या लिहून घेत होत्या आणि मला वाटत होतं, लिहा, काही सोडू नका.

मग आम्ही आठवडाभर शाळेच्या फाटकापर्यंतच गेलो, पुढे वर्गाच्या दारापर्यंत, पुढे एक तास. तिच्या वर्गाच्या बाईंनीही सांभाळून घेतलं. घरी बसवायचं नाही आणि फरफटायचंही नाही. काल ती पूर्ण दिवस बसून आली आणि म्हणाली, "दुखत होतं, तरी बसले." मी तुझ्या फोटोसमोर जाऊन मोठ्यानं बोलले, बघ, हे असं करतात.

एक गोष्ट मात्र मी मानसोपचाराच्या बाईंना सांगितलेली नाही. त्यांच्याकडे पहिल्यांदा जायच्या आदल्या संध्याकाळी मी गॅसवर तवा तापवून पोरीवरून मिरच्या उतरवल्या होत्या. ठसका लागू नये, नजरच निघावी, म्हणून देवाला विनवत होते. तुझा कायदा मी तिलाही सांगितला होता. ठसका लागलाच. डोळे पुसत तिनं विचारलं, "म्हणजे मला काहीच झालं नाहीये?" आणि माझ्या तोंडून निघालं, "मग सोंग करतेस का?" आवाजसुद्धा तुझाच होता.

हे पत्र तुझ्या फोटोमागे ठेवणार होते. पण पोर आता हाती लागेल ते वाचते, आणि आईला आयुष्यभर माफ न करता राहता येतं, हे तिला इतक्यात कळायला नको.