निघताना हाक मार

सोमवार, ९ ऑक्टोबर. भर समुद्रात.

तह झाला! कलम पहिले: उद्या तुर्कस्तानातल्या एफिसस या रोमन नगरीच्या भग्नावशेषांत अस्मादिकांनी दिवसभर एकही विनोद करू नये, एकही लॅटिन वचन फेकू नये. कलम दुसरे: फिलिपाने आपला फोन केबिनमध्येच ठेवावा, बहिणीशी, म्हणजे बेरिलशी, दिवसभर संभाषण वर्ज्य. बेरिलने माडीवरची खोली रंगवून सज्ज ठेवली आहे. साउदम्प्टनला उतरल्यावर सहधर्मचारिणी तिकडे जाणार की माझ्यासोबत घरी येणार, याचा निर्णय उद्यावर अवलंबून.

"एकोणतीस वर्षं, रॉडरिक! मी काही बोलले की तू त्याचा विनोद करतोस. माझ्या आईच्या दफनालासुद्धा सोडलं नाहीस."

तो विनोद उत्तम होता. हे मी बोललो नाही. प्रगती!

मंगळवार, १० ऑक्टोबर. सकाळ.

कुशादासी बंदर. सूचना: पासपोर्ट केबिनच्या तिजोरीत ठेवावेत, जहाजाचे कार्ड तेवढे सोबत न्यावे. पंचवीस वर्षे लॅटिन शिकवलेला मनुष्य रोमन भूमीवर नागरिकत्वाच्या प्रमाणाविना पाऊल टाकील काय? माझे प्रमाण, म्हणजे पासपोर्ट, कोटाच्या आतल्या खिशात विराजमान. फिलिपास कळवले नाही — तोही विनोदच ठरला असता.

छातीवर आमच्या सत्तावीस क्रमांकाच्या गटाचे स्टिकर. बस सुटते आहे. मौनव्रतास प्रारंभ!

मंगळवार. सायंकाळ.

ती गेली.

क्रमाने लिहितो, क्रमाखेरीज हाताशी काही उरलेले नाही. दुपारपर्यंत मी संत होतो. रोमन ग्रंथालयाच्या अवशेषांसमोर मौन! गाईड नेवझातनेच शेवटी विचारले, "प्रोफेसर, तब्येत बरी आहे ना?" फिलिपा किंचित हसली. बऱ्याच वर्षांनी, माझ्याकडे बघून.

मग रोमनांची सार्वजनिक शौचालये. संगमरवरी बैठकांची रांग. नेवझात म्हणाला, "मंडळी, हिवाळ्यात श्रीमंत लोक आधी गुलामाला बसवायचे. दगड गरम करायला."

"आमच्याकडे ते काम एकोणतीस वर्षं फिलिपा करते!"

तोंडातून निसटले. सत्तावीस क्रमांक खो खो हसला. लीड्सच्या डोरीनबाई डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, तुम्ही म्हणजे ना!" फिलिपा हसली नाही.

"हरलास," एवढेच म्हणाली. आवाजात रागही नव्हता. पुढे प्राचीन नाट्यगृहाच्या पायऱ्यांपाशी: "मी वर जाऊन जरा एकटी बसते. निघताना हाक मार."

बसकडे आलो तो पुढच्या आसनावर तिची गवती टोपी दिसली. म्हटले, रुसून पुढे बसली आहे. हाक मारण्याचे प्रयोजन उरले नाही. नेवझातची रीत अशी की तो डोकी मोजत नाही. "मंडळी, आपापला शेजारी बघा. कोणी मागं राहिलंय?"

मी छत्री उंचावली. "माझा शेजार अक्षुण्ण आहे, दुर्दैवाने!"

हशा. नेवझातने अंगठा दाखवला, बस सुटली.

जहाजावर परतल्यावर ती टोपी लिफ्टमध्ये भेटली. टोपीखाली एक टक्कलधारी गृहस्थ होते. मग ध्वनिक्षेपकावर फिलिपाचे नाव, तीनदा. मग केबिनमध्ये अधिकाऱ्याचा फोन.

"साहेब, बाईंच्या कार्डाची जहाजावर परतल्याची नोंद नाही. तिजोरी बघता? पासपोर्ट असेल तर आम्ही तो बंदरावरच्या एजंटकडे देतो, माणूस शोधायला धाडतो."

तिजोरीत एकच पासपोर्ट. पालथा. उघडून माझेच थोबाड बघण्याची ताकद नव्हती.

"एकच आहे."

"म्हणजे... बाई त्यांचा घेऊन गेल्या?"

"हो."

पलीकडे त्याने कुणाला तरी विचारले. मग हलकेच, "कप्तानसाहेब वीस मिनिटं थांबतील म्हणतात. थांबायचं?"

"नको. तिच्यामागे कुणाला धाडू नका. तिने ठरवलं आहे."

आयुष्यातले पहिले वाक्य, ज्यात मी विनोद घातला नाही. ऐकायला ती नव्हती.

फोनही इथेच, चार्जरला. निघताना हाक मार — किती सफाईने मला खाली धाडले! कोणत्या विमानतळावर घ्यायला जायचे, हेही बेरिलला आधीच ठाऊक असेल. किनारा गेला. ज्यांची साम्राज्ये बुडाली त्यांचे निदान खांब उरतात.

बुधवार, ११ ऑक्टोबर. सकाळ.

न्याहारीचे टेबल दोघांचे मांडलेले. वेटर: "मॅडम येतायत ना?" मी तिचा कप पालथा घातला.

बुधवार. दुपार.

डेकवर गार वारा. दारामागचा कालचा कोट घातला. आतल्या खिशात माझा पासपोर्ट.

तिजोरीतला उघडला. फोटो फिलिपाचा.

हाक मी मारलीच नव्हती.