हँडलला बांधलेलं घड्याळ

९ नोव्हेंबर. नांदेड

स्टाफरूममध्ये गायकवाड. मुलीचा साखरपुडा आहे, जावयाला घड्याळ द्यायचं, कुठलं घेऊ. लग्नसराई आली की हा प्रश्न माझ्याकडे येतो. मराठी शिकवतो, पण मराठीचं कुणी विचारत नाही.

सांगितलं ते नेहमीचंच. थोडक्यात भागवायचं असेल तर सेलचं, साधं, ठळक आकड्यांचं. थोडं जास्त जमत असेल तर जपानी ऑटोमॅटिक. त्याहून वर जायचं असेल तर घड्याळ नको, अंगठी करा. आणि सगळ्यात आधी बघायचं ते हे, की घालणाऱ्याचा हात दिवसभर काय करतो.

"काय करतो? मोबाइल धरतो," गायकवाड म्हणाले.

संध्याकाळी आईचा फोन. लकव्याच्या झटक्यानंतर बाबांना दवाखान्यातून घरी आणलं. पाय थोडा उचलतात. बोलणं जवळपास पहिल्यासारखं. डावा हात तसाच.

घड्याळांची पेटी उघडली, तशीच मिटली.

१५ नोव्हेंबर. लातूर

बाबांची खाट पुढच्या खोलीत, खिडकीशी. भाड्याची, दवाखान्यातली असते तशी. दोन्ही बाजूंना लोखंडी दांडे.

खिडकीत त्यांचं चावीचं घड्याळ. बंद. लग्नात सासऱ्यांनी दिलेलं. पट्टे कितीतरी बदलले, काच एकदा. रोज सकाळी चहाच्या आधी चावी द्यायचे. डाव्या हाताच्या चिमटीत घड्याळ, उजव्या हाताने चावी. आता डावा हात मांडीवर पडलेला असतो. त्यांनी ठेवला तिथे राहतो.

"आईला सांगा ना, ती देईल चावी."

"न्हाई. दुसऱ्याचा हात लागला की जास्त फिरती. स्प्रिंग जाती."

आई स्वयंपाकघरातून: "चाळीस वर्षं संसार केला, चावीला हात लावू दिला न्हाई. जसं काय मी पळवून नेणार हाय."

बाबा वीज खात्यात लाइनमन होते. नोकरीची बरीच वर्षं रेणापूरला. खांबावर चढायच्या आधी घड्याळ काढून सायकलच्या हँडलला बांधायचे. अंगावर धातू नको म्हणून. खिशात ठेवलं तर वाकताना पडतं, जमिनीवर ठेवलं तर कुणाचा पाय पडतो. रस्त्याकडेला सायकल आणि हँडलला घड्याळ दिसलं की गावात सगळ्यांना कळायचं. आईला कुणी विचारलं, साहेब कुठं हायत, तर ती मान वर न करता सांगायची, "वर हायत." उतरून त्यांनी घड्याळ मनगटावर बांधेपर्यंत ती धड बोलायची नाही.

मला घड्याळांचा नाद लागला तो त्या हँडलपासूनच असावा. तसं कधी कुणाला म्हणालो नाही.

१६ नोव्हेंबर. लातूर

आप्पांकडे. गंजगोलाईत कापडाचं दुकान, कपाळाला भस्म, मनगटावर रोज वेगळं घड्याळ. गादीखालच्या कप्प्यात खरा माल. गिऱ्हाईक साड्या बघत असतं आणि आप्पा माझ्यापुढे घड्याळं मांडत असतात.

"बोला सर, आज गरीब का श्रीमंत?"

"मधलं."

"मधल्या लोकांनीच माझा जीव खाल्ला."

ते जुनं स्विस पुन्हा दाखवलं. पांढरी डायल, कडेला पिवळसर झालेली, बारीक निळे काटे. दोन वर्षं बघतोय. हातात घेतलं, कानाला लावलं, परत दिलं. आज बाबांसाठी आलो होतो.

त्यांना चावी द्यायला दोन हात लागतात, एकच चालतो, म्हणालो. आप्पा म्हणाले, मग ऑटोमॅटिकच. चावीची झंझटच न्हाई. मीही म्हणालो, ऑटोमॅटिकच. दोघांनी मिळून निवडलं. फार महाग नाही. काळी डायल, मोठे आकडे, वार-तारीख, मागून काच. या जातीला चावी नसतेच. बाजूची किल्ली फक्त काटे लावायला. आप्पांनी पट्टा मऊ चामड्याचा घालून दिला. "बाबांना जयभीम सांगा," म्हणाले.

दुपारी बांधलं. "डाव्यावरच बांध, मिलिंदा. तिथंच सवय हाय." मनगट गार, जड. मागची काच आधी दाखवली. आतली अर्धगोल चकती फिरताना बघून बाबा लहान झाले.

"ह्येला चावीच न्हाई?"

"नाही. हात हलला की आपोआप चालतं."

"हात हलला की."

माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आवडलं.

१६ नोव्हें., रात्री परत आल्यावर

बस अहमदपूरला थांबली तेव्हा लक्षात आलं.

हलणाऱ्या हातावर चालणारं घड्याळ मी न हलणाऱ्या हातावर बांधून आलो. लोकांना शिकवतो, आधी हात बघा. आप्पांनी बघितला नाही, मी बघितला नाही. आम्ही घड्याळ बघत होतो.

त्यांना तेव्हाच कळलं होतं.

१८ नोव्हेंबर. नांदेड

आईचा फोन. बंद पडलं. सकाळपासून दहादा बघितलं त्यांनी. जेवले नाहीत.

"खराब निघालं का रे?"

"खराब नाही. हाताच्या हालचालीवर चालतं ते. हलवलं की चालतं. पुढच्या खेपेला बदलून आणतो."

"हलवलं की चालतं?"

"हो."

२६ नोव्हेंबर. नांदेड

सकाळी स्वतः बाबांनी फोन केला. आजारानंतर पहिल्यांदा.

"मिलिंदा, घड्याळ चालू हाय."

"चालू आहे?"

"परवापासून बंद न्हाई. हात हलून राहिला. मला कळत न्हाई, झोपेत हलत आसंल. पर घड्याळाला कळतंय."

वर्गावर गेलो. काय शिकवलं आठवत नाही. हालचाल थोडी जरी असली तरी त्या चकतीला पुरेशी नसते, हे मला माहीत आहे. पेटीतलं असंच एक काढून पाहिलं. हात मांडीवर ठेवून बोटं हलवली. चकती जागची हलली नाही.

आईला विचारायचं होतं. विचारलं नाही.

७ डिसेंबर. नांदेड

काल महापरिनिर्वाण दिन. बाबांना विहारात जाता आलं नाही, खाटेवरूनच हात जोडले, आई म्हणाली. एकच हात.

मी: "घड्याळ?"

आई: "चालूच हाय." आणि लगेच, "डाळ लागली खाली, ठेवते."

आप्पांचा मेसेज. स्विसला औरंगाबादचं गिऱ्हाईक आलंय, बोला. फोन उलटा ठेवला.

१३ डिसेंबर. लातूर

दाराशीच फिजिओच्या बाई भेटल्या. परत निघाल्या होत्या. हल्ली बाबा त्यांना आत घेत नाहीत.

"हात येऊन राहिला म्हणतात. घड्याळ दाखवतात मला. मी हात बघितला सर, काहीच नाही. आत्ताचे महिने महत्त्वाचे आहेत. नंतर मी रोज आले तरी उपयोग नाही."

"घड्याळाबद्दल तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? ते चालू होतं."

बाबा आंघोळीला गेले. शेजारच्यांचा भाचा धरून नेतो. घड्याळ काढून आईकडे दिलं. मी पाणी प्यायला उठलो. स्वयंपाकघराच्या दाराआड आई उभी. पट्ट्याला धरून घड्याळ हलवत होती. सुपात ज्वारी पाखडताना हात जातो तसा, पुढे झोल, मागे झोल. डोळे मिटलेले. काहीतरी पुटपुटत होती.

माझी चाहूल लागून डोळे उघडले, पण थांबली नाही.

"तूच सांगितलंस. हलवलं की चालतं."

"आई, ते व्यायाम करेनासे झालेत."

"आन घड्याळ बंद पडलं तवा जेवेनासे झाले व्हते. तू नांदेडला. तुला दिसलं न्हाई ते तोंड."

न्हाणीतून बाबांचा आवाज आला. "झालं माझं." आईने घड्याळ पदराने पुसलं, कानाला लावलं आणि बाहेर घेऊन गेली.

१४ डिसेंबर. लातूर

सकाळी आईजवळ बसलो. बाईंनी सांगितलं ते सगळं सांगितलं. हात यायचा असेल तर आत्ताच येईल. त्यांना तो येतोय असं वाटत राहिलं तर येणारच नाही. ती भाजी निवडत होती. देठ एकीकडे, पानं एकीकडे.

"मंग तू सांग त्यान्ला. मी न्हाई सांगणार."

दिवसभर त्यांच्यासमोर होतो. पेपर वाचून दाखवला. नांदेडचं पाणी, कॉलेजातलं राजकारण, बायकोची, सुजाताची बदली. ते अधूनमधून मनगट उजव्या हाताने उचलून कानाशी नेत होते. डावा हात स्वतःच्या हातात घेऊन, एखाद्या लहान मुलाचा घ्यावा तसा.

सांगितलं नाही.

निघताना आईला म्हणालो, "हलवू नको आता." बाबांना सांगायचं काम मी घड्याळावर टाकलं. घड्याळ सांगेल.

बसमध्ये स्वतःची किळस आली. तेवढंच.

१७ डिसेंबर. नांदेड

आई: "बंद पडलं."

मागे काही आवाज नव्हता.

१८ डिसेंबर. नांदेड

फोन नाही. मी केला नाही.

पेटीतली घड्याळं पुसली. पहिल्या पगाराचं. परीक्षा पर्यवेक्षणाच्या मानधनातून घेतलेलं. वजिराबादच्या फुटपाथवरचं प्लास्टिकचं, जे अजून सगळ्यांत बरोबर वेळ सांगतं. प्रत्येकाची गोष्ट सांगता येते मला. ही गोष्टी सांगण्याची सवय महागात पडते. हात दिसत नाही.

२० डिसेंबर. लातूर

रजा टाकून आलो. बाबा खाटेवर बसलेले, भिंतीला टेकून. मनगट रिकामं. त्यावर पट्ट्याचा पांढरा वळ.

"कोण हलवत व्हतं?"

"मी."

"तू नांदेडला. खोटं बोलायचं तर नीट तरी बोल."

आई आतून आलीच नाही. भांड्यांचा आवाजही थांबला.

"मीच सांगितलं होतं तिला, हलवलं की चालतं म्हणून."

"तिनं किती दिवस केलं आसंल रे. तिचाबी खांदा दुखतो."

रस्त्यावरून भंगारवाला गेला.

बाबांनी उशीखालून काळं घड्याळ काढून माझ्यापुढे धरलं.

"ह्ये तुला ठेव. तुझा हात चालतो."

घेतलं. तिथेच बांधलं. हातावर आलं आणि चालू झालं. दोघांनाही दिसलं.

"सोमवारी बाई येणारेत," मी म्हणालो.

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

२१ डिसेंबर. लातूर

आप्पांकडे. सगळं सांगितलं. हसले नाहीत. साडी घडी घालत राहिले, उलगडली, परत घातली.

"सर, आपण येडे हाव."

"हो."

"सेलचं घेऊन जा. त्याला हात लागत न्हाई, कुणाचाच."

तेही विचारून पाहिलं होतं सकाळी. बाबा म्हणाले, "ज्याला माझी गरज न्हाई ते मला कशाला?"

स्विस अजून गादीखाली होतं. बघितलं नाही.

२९ डिसेंबर. नांदेड

आई फोनवर थोडकं बोलते. बाई आल्या का? आल्या. आत घेतलं का? घेतलं. मग? "मग काय. बसून राहिले. बाई एकट्याच बोलत व्हत्या."

गायकवाडांनी शेवटी अंगठीच घेतली.

९ जानेवारी. नांदेड

आई: "जुनं घड्याळ मागितलं."

"चावीचं? कशाला?"

"मला काय म्हाईत. खिडकीतून काढून दिलं. मला म्हणाले, तू जा आत."

घरी बसून करून पाहिलं. एका हाताने चावी देता येते का. टेबलावर घड्याळ सरकतं. मांडीवर दाबून धरलं तर किल्ली खाली जाते, चिमटीत येत नाही. गुडघ्यांत धरलं, निसटलं. त्याला कुणीतरी धरून ठेवावंच लागतं.

१८ जानेवारी. लातूर

न सांगता आलो. दार उघडं. पुढच्या खोलीत खाट रिकामी.

खाटेच्या लोखंडी दांड्याला चावीचं घड्याळ बांधलेलं.

जवळ गेलो. चालू होतं. वेळ माझ्या मनगटावरच्या काळ्या घड्याळाशी जुळत होती. पट्टा दांड्याभोवती घट्ट ओढलेला, नेहमीच्या नाही, शेवटच्या भोकात. घड्याळ जरासुद्धा हलत नव्हतं. अशा घड्याळाला एका हाताने चावी देता येते. मला सुचलं नव्हतं. मी घड्याळं जमवतो, सायकलच्या हँडलला कधी बांधली नाहीत.

पण पट्टा आधी बांधावा लागतो. एका हाताने दांड्याला पट्टा बांधता येईल का? ओढायचं एकीकडे, खिळा भोकात घालायचा दुसरीकडे. दातांनी धरलं असेल. चामड्यावर दातांच्या खुणा शोधल्या. पट्टा जुना. खुणा कसल्याही असू शकतात.

आई दारात आली.

"बाबा?"

मान वर न करता म्हणाली, "वर हायत."

बाहेर गच्चीच्या जिन्यावरून फिजिओच्या बाईंचा आवाज येत होता. "आता डावा हात कठड्यावर. नाही, उजव्याने उचलून नाही. तुम्ही ठेवा. घाई नाही काका. ठेवा."

मी खाटेच्या कडेला बसलो. आई पण तिथेच उभी राहिली, हातात पिठाचं ताट घेऊन. दोघेही ऐकत होतो.

बाई गप्प झाल्या. पावलाचा आवाज नाही.

दांड्यावर घड्याळ चालू होतं. आईने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि परत दाराबाहेर.