येशूच्या लग्नाचा निकाल लागेपर्यंत

३० नोव्हेंबर, रविवार
बनशंकरीच्या आमच्या मराठी मंडळाच्या वादस्पर्धेचा विषय ठरला: येशूचं लग्न झालं होतं का, मुलंबाळं होती का. गेल्या वर्षी मारुतीच्या ब्रह्मचर्यावर वाद होऊन खुर्च्या उचलल्या गेल्या. तेव्हापासून आपले देव बंद. दुसऱ्यांच्या देवावर माणसं शांतपणे बोलतात, असं कार्यकारिणीचं मत. मला हे नैतिकदृष्ट्या खटकलं. आक्षेप नोंदवला. मग नाव नोंदवलं. चिठ्ठी टाकून बाजू मिळाली: लग्न झालं नव्हतं.

परीक्षक साळवेकाका. मूळचे नगरचे, मंडळातले एकमेव ख्रिस्ती सभासद. भावना दुखावणार नाहीत ना, असं मुद्दाम विचारलं. म्हणाले, दोन हजार वर्षं लोक भांडतायत, त्यात आता बनशंकरीची भर. चहा तेवढा गरम ठेवा.

१ डिसेंबर, सोमवार
ऑफिसच्या बसमध्ये अनपेक्षित घटना. टेस्टिंगच्या महानंदा कित्तूरकर तीन वर्षं माझ्या शेजारी बसतात. आज सिल्क बोर्ड चौकाच्या ट्रॅफिकमध्ये सरळ विचारलं, की सुहास सर, आपण लग्न करू या का? निपाणीच्या माणसांना प्रस्तावना माहीत नाही. महानंदांना राजाजीनगरचं एक स्थळ आलंय, त्यांच्या दादांनी पंधरा तारखेपर्यंत थांबवून ठेवलंय. "मला तुम्ही बरे वाटता. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. गप्प तेवढं बसू नका की."

मला आनंद झाला. तो चेहऱ्यावर येऊ दिला नाही. विचार करून सांगतो म्हणालो.

२ डिसेंबर
विचार केला. हो म्हणायचं आहे. पण दोन आठवडे मी जाहीरपणे अविवाहितपणाची बाजू मांडणार, आणि आतून स्वतःचं लग्न ठरवणार? हा सरळ हितसंबंधांचा प्रश्न आहे. निर्णय: स्पर्धेनंतरच होकार. तोवर त्या विषयावर मौन. महानंदांना कारणही सांगायचं नाही, नाहीतर त्यांचा माझ्यावर दबाव येईल.

५ डिसेंबर
रजा टाकून बायबलमधली शुभवर्तमानं वाचली. मुद्दे भक्कम आहेत. काना गावातल्या लग्नात दारू संपली तेव्हा धावपळ कोणी केली? येशूने. दुसऱ्याच्या लग्नात पेयांची सोय बघणारा माणूस नेहमी अविवाहित मित्रच असतो. मी चार लग्नांत बघितली आहे.

आईला मुद्दा वाचून दाखवला. म्हणाली, त्याचं सोड, तो तिशीत होता. तू सेहेचाळीसचा आहेस.

९ डिसेंबर
बसमध्ये महानंदा म्हणाल्या, काय ठरलं? मी म्हणालो, शिष्य पेत्राच्या सासूला ताप आला होता आणि येशूने तो उतरवला, हे तुम्हाला माहीत आहे का? त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. प्रभावित झाल्या असाव्यात.

१२ डिसेंबर
महानंदा आज पुढच्या सीटवर बसल्या. उन्हामुळे असेल. स्वतःच्या संयमाचं कौतुक वाटलं.

१४ डिसेंबर, रविवार
जिंकलो!

प्रतिस्पर्धी योगीराजने सुरुवात बरी केली. सुतारकामाचा स्वतःचा धंदा, आईच्या शब्दाबाहेर नाही, वय तीस. असा मुलगा कुठल्या समाजात मोकळा राहतो? लग्नाचं कोणी लिहिलं नाही कारण त्यात लिहिण्यासारखं काही नव्हतं. आमच्या आजोबांच्या चरित्रातही आजीचं नाव नाही, मग आम्ही काय आकाशातून पडलो? हशा झाला.

मग मी सासू काढली. शिष्याच्या सासूचा ताप लिहून ठेवणारी माणसं गुरूची बायको विसरतील? सभागृह गार.

प्रश्नोत्तरांत महानंदा उठल्या. त्या येणार हे माहीत नव्हतं. विचारलं, "एखादा माणूस लग्नाबद्दल काहीच बोलला नाही, ना हो, ना नाही, तर त्याचा अर्थ नाही असाच धरायचा का सर?"

इतका नेमका प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो, निःसंशय! बोलण्याची पूर्ण संधी असताना जो गप्प राहिला, त्याचं लग्न नाही असंच प्रामाणिक अभ्यासकाने धरावं. टाळ्या. त्या म्हणाल्या, "सरी. कळलं." (सरी म्हणजे कानडीत ठीक.) आणि बसल्या. साळवेकाका कपाळ चोळत होते. चहा गार झाला होता बहुतेक.

उद्या बसमध्ये होकार देणार. आता मन स्वच्छ आहे.

१५ डिसेंबर
इस्त्रीचा शर्ट. होकाराचं वाक्य पाठ. तोंड उघडलं तोवर महानंदांनी हातावर पेढा ठेवला. दादांनी काल संध्याकाळीच राजाजीनगरला होकार कळवला. मी म्हणालो, पण माझं उत्तर आज द्यायचं होतं. त्या म्हणाल्या, "दिलात की काल. माइकवर."

मी सांगायला लागलो, की तो मुद्दा फक्त पहिल्या शतकाला लागू होतो. ऑफिस आलं.

२१ डिसेंबर, रविवार
साळवेकाकांचा फोन. हुबळीला होणाऱ्या पुढच्या फेरीसाठी माझी निवड. विषय तोच, पण नियमाप्रमाणे बाजू उलटी: लग्न झालं होतं, भरला संसार होता. जाणार का? हवं तर दोन दिवस विचार करा म्हणाले.

लगेच नाही म्हणून सांगितलं.