जागेला विचारून

आबा, मी घर बदललं. आणि तुमचे जावई आता नाहीत. मागच्या थंडीत गेले. हे तुम्हाला सांगायला मला एवढे महिने लागले, कारण आबांना सांगितलं की ते पक्कंच होणार, असं काहीतरी वेड डोक्यात बसलं होतं. तुम्हीच जाऊन वीस वर्षं होत आली, मग कळवायची घाई ती कसली, अशीही मनाची समजूत घालत होते. पण आज सकाळी एक गोष्ट झाली आणि ती तुमच्याशिवाय कुणाला सांगून कळण्यातली नाही. लेकीला सांगता येईल, पण तिला आधी वाडी सांगावी लागेल, मग राखणदार सांगावा लागेल, मग तुम्ही. तेवढं बळ आज नाही. म्हणून तुम्हालाच लिहायला बसले आहे.

मालगुंडच्या अलीकडे, डोंगराच्या पाठीला आपली वाडी. कुणाचंही घर उभं राहायचं असलं की लाल जांभ्याचा पहिला चिरा तुमच्या हातचा. चिरा बसवण्याआधी त्यावर पाणी शिंपडून तुम्ही त्याचा वास घ्यायचात. तो कशासाठी, हे मी कधी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाही. मग नारळ हातात धरून जागेच्या न दिसणाऱ्या राखणदाराला गाऱ्हाणं घालायचात, ह्या माणसांना इथं राहू दे म्हणून. एरवी दिवसभरात चार शब्द बोलणारे तुम्ही, पण त्या वेळी आवाज कुठून यायचा कोण जाणे. तुमचं एक वाक्य झालं की मागे हात जोडून उभी असलेली माणसं एका सुरात म्हणायची, "व्हय म्हाराजा." मी लहान होते, मला वाटायचं, राखणदाराला स्वतःचं तोंड नसेल, म्हणून तो माणसांच्या तोंडून हो म्हणतो.

लग्न झाल्यावर आम्ही रत्नागिरीत खोली घेतली. सामान लावता लावता अंधार झाला आणि आम्ही दोघं आहे तिथंच आडवे झालो. दुसऱ्या दिवशी तुम्ही पहिल्या एसटीनं आलात, पिशवीत नारळ. अंथरूण पसरलेलं बघितलंत आणि उंबऱ्यातच थांबलात. "न इचारता पाठ टेकलीत? दुसऱ्याच्या घरात शिरून असा कोन झोपतां?" मी पाणी पुढे केलं, ते घेतलं नाहीत. माझे डोळे भरून आले. हे मात्र कोल्हापूरकडचे, त्यांना हे सगळं नवीन. म्हणाले, "आबा, मला शिकवा. पुढं कुठं कुठं जायचंय, तुम्ही किती ठिकाणी येणार?" तेव्हा कुठं तुम्ही आत आलात. बाईमाणसानं गाऱ्हाणं घालायचं नाही, तिनं व्हय म्हणायचं, असा तुमचा नियम. म्हणून मला बाजूला उभं केलंत आणि जावयाला शिकवायला घेतलंत. ह्यांचा आवाज आधीच खणखणीत, त्यात उत्साह. तुम्ही हातातला नारळ खाली ठेवून म्हणालात, "जावय, गाऱ्हानां घालताव का कुस्ती लावताव?" तेव्हा आपण तिघंही हसलो. तुम्ही एवढं हसलेलं मी आधी पाहिलं नव्हतं.

हसून झाल्यावर ह्यांनी राहणाऱ्या माणसांची संख्या सांगताना "चार डोकी" असं ठोकून दिलं. पुढे होणारी पोरंबाळं धरून. तुमचं हसू गेलं. "जेवडी डोकी हायत तेवडीच सांगायची. राखनदार मोजून सांभालतो. नसलेला मानूस सांगितलांत तर त्येची वाट बघीत बसंल बिचारा." ह्यांनी मुकाट्यानं "दोन डोकी" म्हटलं आणि मी म्हटलं, "व्हय म्हाराजा." मग तुम्ही पाणी प्यालात.

तेव्हापासून आम्ही ज्या ज्या घरात राहिलो तिथं ह्यांनी गाऱ्हाणं घातलं आणि मी व्हय म्हटलं. अमेरिकेतल्या पहिल्या भाड्याच्या जागेत नारळ मिळाला नाही, तर सफरचंद ठेवलं. लेक झाल्यावर घेतलेल्या घरात "तीन डोकी" म्हणताना ह्यांचा आवाज असा चढला की शेजारीण बघायला आली. ह्यांचे शब्द शेवटपर्यंत कोल्हापुरीच राहिले. पण तुमचं एकही वाक्य त्यांनी गाळलं नाही, एवढं सांगते.

आता ते घर विकलं. लेकीला पश्चिमेकडे ऑरेगनमध्ये नोकरी लागली, ती म्हणाली, आई, तू माझ्याबरोबर चल. विमानानं काही तासांत झालं असतं. पण निवृत्त झालो की हा देश गाडीनं आडवा पालथा घालायचा, असं ह्यांचं केव्हापासून चाललं होतं. लेक म्हणाली, बाबांचं राहिलंय, आपण गाडीनंच जाऊ. निघालो. मक्याची शेतं संपता संपेनात. आपल्याकडे कुणब्याला चार वाफे सरळ मिळायची मारामार, इथं आभाळ टेकेपर्यंत सपाट जमीन, आणि बांधावर माणूस नाही. मग डोंगर लागले, उन्हाळ्यातही माथ्यावर बर्फ धरून बसलेले. प्रत्येक वळणावर माझ्या तोंडून निघायचं, "अहो, बघा." लेक गाडी चालवता चालवता म्हणायची, "हो आई, बघते." तिनं मला एकदाही सुधारलं नाही.

युटाह नावाच्या मुलखात एका वळणावर सगळं लाल झालं. जमीन लाल, कडे लाल, उभेच्या उभे दगडी खांब लाल. मी ओरडलेच, "अगं, जांभा!" लेकीनं गाडी बाजूला घेतली. मी उतरले, बाटलीतलं पाणी एका कड्यावर शिंपडलं, नाक लावून वास घेतला. येणारे-जाणारे बघत होते. तो जांभा नव्हता, आबा. नुसती वाळू धरून बसलेला दगड, नखानं खरवडला तर हाताला लागत होता. आपल्याकडचा वास त्याला येईना. ह्यांना इस्पितळातून नेलं तेव्हा मी रडले नव्हते, सगळे म्हणाले, बाई धीराची आहे. त्या रस्त्याच्या कडेला मात्र मी दगडाला धरून रडले, आणि लेक माझ्या पाठीवर हात ठेवून नुसती उभी होती.

नवीन घर बरं आहे. लाकडी आहे, तुम्ही भिंतीवर बोट आपटून नाक मुरडलं असतंत. मागे उंच झाडी, आणि खिडकीतून लांबवर समुद्र. इतकी वर्षं पूर्वेच्या किनाऱ्यावर काढली, तिथं सूर्य समुद्रातून वर यायचा, मला ते कायम उलटंच वाटायचं. इथं तो मालगुंडसारखा पाण्यात बुडतो. हे दाखवायला ते हवे होते, एवढंच सारखं वाटतं. दुसरं काही वाटतच नाही.

पण ह्या घरात मी आल्यापासून पाठ टेकली नव्हती. खुर्चीत बसूनच डोळा लागायचा. लेकीला वाटलं, आईची कंबर धरली. तिनं नवी गादी आणली, वर आणखी एक मऊ थर आणला. तिला काय सांगू, की गाऱ्हाणं घालणारा माणूस गेला आणि मी व्हय म्हणणारी तेवढी उरले? विचारल्याशिवाय आडवं व्हायची छाती होईना. आणि स्वतः विचारलं, तर तो माणूस नाही हे जागेसमोर मोठ्यानं म्हणावं लागणार होतं.

शेवटी आज सकाळी उठले, आंघोळ केली आणि दाराबाहेर उभी राहिले. नारळ दुकानातून आणून ठेवला होता, शेंडी नसलेला, गोटा तासलेला. तुमचा नियम मोडला, पण दुसरं कोण आहे घालायला? शब्द सगळे आले, आबा. माझ्या तोंडून तुमचीच बोली आली, ह्यांची नाही. "बा देवा म्हाराजा, ह्या जागेच्या राखनदारा, तुजां नाव आमाला ठावं नाय, पन जागा तुजी हाय ह्यां ठावं हाय. आमी लांबून आलाव. आज ह्या जागंत आमी तीन डोकी ऱ्हायला आलाव, त्यांचा सांभाल कर. काय चुकलांमाकलां तर पोटात घाल."

म्हणून झालं आणि मग कानावर आलं, मी काय म्हटलं ते. तीन. जिभेला सवय होती. मागून आवाज आला, "व्हय म्हाराजा." लेक दारात उभी होती, हातात कॉफीचा कप, पाय अनवाणी. लहानपणी माझ्या कडेवर बसून ऐकलेलं तिच्या लक्षात होतं. तीनचा आकडा तिनंही ऐकला होता, तिच्या तोंडावर दिसत होतं. तिनं कप खाली ठेवून हात जोडले, आणि मी नारळ फोडायला वळले.

दुपारी मी गादीवर आडवी झाले. पाठ टेकली. उठल्यावर हे लिहितेय. हे पत्र मी कुठं टाकणार नाही, टाकायला तुमचा पत्ता तरी कुठं आहे. फक्त एवढं सांगते, की संध्याकाळच्या आत परत दारात जाऊन "दोन" म्हणून येणं मला सहज जमलं असतं, आणि मी गेले नाही. बसू दे राखणदारालाही त्यांची वाट बघत. मी एकटीनं किती बघायची, आबा?